बघायचा मुखवटा आणि घालायचा मुखवटा

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आमच्या वर्गाने शिमग्याचा नाच बसवला होता, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल. ढोलकीचा ठेका बदलला आणि आम्ही सात जणी रंगमंचावरून खाली प्रेक्षकांत उतरू लागलो, तोच राक्षसाचे सोंग घेतलेली माझी मैत्रीण तिसऱ्या पायरीवरून कोसळली. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. राक्षस पडतो तो नाचाचाच भाग, असे सर्वांना वाटले. प्रत्यक्षात तिचा पाय मुरगळला होता आणि पुढे पंधरा दिवस तिला एस.टी.ने कॉलेजला येता आले नाही. तिच्या तोंडावरचा मुखवटा मी केला होता.

मुखवटा दिसायला चांगला होता, हे मी आजही म्हणेन. जाड पुठ्ठ्याचा चेहरा, त्यावर लाल रंग, जिभेला चमकीचा कागद, मिशांना काथ्या. विंगेत ज्याने-त्याने तो हातात घेऊन पाहिला. डोळ्यांची भोके मी चेहऱ्यावर जिथे शोभतील तिथे कापली होती. फक्त माझ्या मैत्रिणीचे डोळे तिथे नव्हते. तिला समोरचे दिवे दिसत होते, पायाखालची पायरी दिसत नव्हती. आणि तोंडाशी भोक नसल्यामुळे तिला धापही लागली होती. हे तिने मला नंतर सांगितले, तेही मी विचारले तेव्हा.

रविवारी घरी गेले तेव्हा तो मुखवटा पिशवीत घालून नेला. आमचे गाव चौल-रेवदंड्याच्या बाजूला आहे. आजा ओटीवर फाटके जाळे सांधत बसला होता. त्याने मुखवटा हातात घेतला आणि पहिल्यांदा उलटा केला. रंगाची बाजू त्याने पाहिलीच नाही. आतून बोट फिरवले, स्वतःच्या तोंडाला लावून पाहिला आणि खाली ठेवून म्हणाला, "बाय, यो बगाचा मुखवटा हाय. घालाचा नाय."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. घरी गेले की "काय शिकलंस?" असे आजा विचारतो आणि मी सांगते ते त्याला कळत नाही, असे मी वर्षभर धरून चालले होते. त्या दिवशी मला काही कळले नाही आणि त्याला सगळे कळत होते. आजा तरुणपणी गणपतीच्या आधीचे काही महिने पेण तालुक्यात मूर्तींच्या कारखान्यात कामाला जात असे. पेण, हमरापूर, जोहे, तांबडशेत हा सगळा भाग गणपतीच्या मूर्तींचा, हे आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. तिथे तो माती मळायला शिकला, साचा काढायला शिकला. आखणीपर्यंत म्हणजे देवाचे डोळे रेखण्यापर्यंत मात्र त्याचा हात कधी पोचला नाही. ते काम सगळ्यात जाणत्याचे. शिमग्याला गावात जी सोंगे निघत, त्यांचे मुखवटे मात्र वीस-बावीस वर्षे आजाच करीत होता, आणि हे मला माहीत नव्हते! कारण त्यातला एकही शिल्लक नाही. शिमगा संपला की जुना मुखवटा तो होळीच्या निखाऱ्यांवर टाकीत असे.

तर बघायचा मुखवटा आणि घालायचा मुखवटा. हा फरक एकदा ध्यानात आला की मग तो सगळीकडे दिसू लागतो. आपल्या घरोघरी येणाऱ्या गौरींचे मुखवटे पाहा. पितळेचे असोत की शाडूचे, ते पुढून पाहण्यासाठी असतात. आतली बाजू पोकळ, खडबडीत, कशीही असली तरी चालते, कारण आत कोणी श्वास घेणार नसतो. आपल्या किनाऱ्यावरचा सर्वांत प्रसिद्ध मुखवटाही याच जातीचा. श्रीवर्धन तालुक्यातल्या दिवेआगरला १९९७ च्या नोव्हेंबरात सुपारीच्या बागेत खणताना तांब्याच्या पेटीत सोन्याचा गणेशमुखवटा सापडला. तो मार्च २०१२ मध्ये दरोड्यात गेला, त्या रात्री मंदिराच्या दोन रखवालदारांचे प्राणही गेले, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये मुखवट्याची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. त्या मुखवट्यासमोर माणसे हात जोडून उभी राहतात. तो देवाचा चेहरा आहे. त्याच्यामागे दुसरा चेहरा नाही.

सोंगाच्या मुखवट्यामागे मात्र घाम येणारा, धापा टाकणारा, अंधारात दगडावर पाय ठेवणारा माणूस असतो. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाडा भागात आणि नाशिकच्या डोंगरपट्ट्यात बोहाडा होतो. आदिवासी गावकरी देवांचे आणि दैत्यांचे मुखवटे चढवून रात्री संबळ-पिपाणीवर नाचतात, आणि शेवटी देवी व महिषासुराचे युद्ध होते. ते मुखवटे पूर्वी लाकडात कोरीत, पुढे कागदाच्या लगद्याचेही होऊ लागले. लगद्याचे वजन कमी, एवढे कारण मला पुरेसे वाटते. लाकडाचे तोंड घेऊन नाचणाऱ्याच्या मानेला विचारा. दक्षिणेकडे रत्नागिरीच्या बाजूला शिमग्यातला संकासुर काळा अंगरखा, उंच टोकदार टोपी आणि लांब पांढरी दाढी घेऊन येतो. त्याचा चेहरा कापडाने झाकलेला असतो. कापडातून वारा येतो-जातो. ज्याने कोणी हे सोंग पहिल्यांदा शिवले त्याने घालणाऱ्याचा विचार केला होता.

ग्रंथालयात शोधताना इटलीतल्या व्हेनिस शहराची माहिती मिळाली. तिथला कार्निव्हल मुखवट्यांसाठीच जगभर नावाजलेला. १७९७ मध्ये तिथले प्रजासत्ताक बुडाले आणि कार्निव्हल ओसरत गेला, तो १९७९ मध्ये पुन्हा उभा राहिला. तिथे 'बाउता' नावाच्या वेषात एक पांढरा मुखवटा असे. त्याचा खालचा भाग चोचीसारखा पुढे आलेला आणि खालून मोकळा. दिसायला तो विचित्रच. पण तो घालून माणसाला खाता येई, पिता येई, बोलता येई, आणि आवाज बदलून जाई तो निराळाच. म्हणजे व्हेनिसचा कारागीरसुद्धा मुखवटा आधी उलटा करून पाहत असला पाहिजे.

कार्निव्हल म्हणजे काहीतरी परके, असे मात्र आपण किनाऱ्यावरच्या लोकांनी समजू नये. आमच्या गावापासून खाडीपलीकडे कोर्लई आहे. पोर्तुगीज १७४० मध्ये चौल-रेवदंडा सोडून गेले, तरी कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मेळातून झालेली बोली अजून घरात बोलली जाते. गोव्यात कार्निव्हल पोर्तुगिजांबरोबरच आला. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला आणि १९६५ पासून पणजीत किंग मोमोची मिरवणूक सुरू झाली. कार्निव्हल ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या तोंडावर येतो. ईस्टर पौर्णिमेवरून ठरतो आणि होळी तर पौर्णिमाच. त्यामुळे बहुतेक वर्षी कार्निव्हल संपला की आठवड्या-दोन आठवड्यांत आपला शिमगा येतो. २०२२ मध्ये कार्निव्हलचा शेवटचा मंगळवार १ मार्चला होता आणि होळी १७ मार्चला. २०२५ मध्ये तो ४ मार्चला आणि होळी १३ मार्चला. थंडी सरते, पिके घरात आलेली असतात, आणि माणसाला चार दिवस आपण सोडून दुसरे कोणीतरी व्हावेसे वाटते. हे दोन्हीकडे सारखेच.

असो. आता मुखवटा कसा करायचा ते सांगते.

पहिले काम माप घेण्याचे. आजा यासाठी सुतळी वापरतो. कपाळावर केस उगवतात तिथपासून हनुवटीखालपर्यंत एक माप, एका कानापासून नाकावरून दुसऱ्या कानापर्यंत दुसरे, आणि दोन बुबुळांमधले अंतर हे तिसरे. तिसरे सर्वांत महत्त्वाचे आणि मी नेमके तेच घेतले नव्हते. मोठ्या माणसात हे अंतर सुमारे सहा सेंटिमीटर असते, मुलांत त्याहून कमी. प्रत्येक सुतळीला गाठ मारून त्या माणसाच्या नावाची चिठ्ठी बांधायची. एकाच्या मापाचा मुखवटा दुसऱ्याला घालायचा म्हणजे एकाची चप्पल दुसऱ्याने घालण्यासारखे आहे. चालता येते, पण कुठवर?

मग माती. शाडू मिळाली तर उत्तम, नाहीतर शेतातली चिकण माती खडे वेचून, चाळून, भिजवून मळली तरी चालते. पाटावर तिचा चेहरा उभा करायचा. मापापेक्षा चोहोबाजूंनी बोटभर मोठा, कारण कागद सुकताना आकसतो आणि आत अस्तरही यायचे असते. नाक, गाल, भुवया ठसठशीत काढाव्यात, पण कुठेही खाली वळलेली कड ठेवू नये. नाकपुड्या खोल कोरल्या तर कागद त्यात अडकतो आणि साचा सोडताना मुखवट्याचे नाकच मागे राहते. माझे पहिले दोन मुखवटे असे नकटे झाले.

माती थोडी घट्ट झाली की तिच्यावर चुलीतली राख पातळ फडक्यातून भुरभुरवायची. राखेमुळे कागद मातीला धरत नाही. पश्चिम बंगालमध्ये पुरुलिया जिल्ह्यात चरिदा नावाचे गाव छाऊ नाचाच्या मुखवट्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथेही मातीच्या चेहऱ्यावर बारीक राख टाकून मग कागदाचे थर देतात, असे मी वाचले आणि आजाला सांगितले. त्याने पुरुलियाचे नाव कधी ऐकलेले नाही. "मग? राख नाय त काय टाकतील?" एवढेच तो म्हणाला.

खळ मैद्याची करावी. एक वाटी मैदा आधी गार पाण्यात कालवून घ्यावा, गुठळी राहू देऊ नये, मग पाच-सहा वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहावे. पांढरी खळ किंचित पारदर्शक दिसू लागली की उतरवावी. खळीला बुरशी आणि कसर लागू नये म्हणून बांधणीच्या कामात मोरचूद घालतात. मुखवट्यात ते घालू नये. मोरचूद विषारी असते आणि हा कागद तासन् तास तोंडाशी राहणार. त्यापेक्षा खळ रोज ताजी करावी. शेंदराचेही तेच. तो शिशापासून होतो. राक्षस कितीही तांबडा हवा असला तरी शेंदूर लावू नये.

कागद वर्तमानपत्राचा. तो कापायचा नाही, फाडायचा. कापलेल्या कडेचा उंचवटा रंगातूनही दिसतो. फाटलेली कड विरळ होत जाते आणि तिचे तंतू शेजारच्या पट्टीत मिसळतात. वर्तमानपत्र एका बाजूने सरळ फाटते आणि दुसऱ्या बाजूने वेडेवाकडे, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ज्या बाजूने ते सरळ फाटते तिकडे कागदाचे तंतू धावतात. म्हणून एक थर उभ्या पट्ट्यांचा आणि त्यावरचा आडव्या पट्ट्यांचा दिला की मुखवटा कुठल्याच बाजूने चिरत नाही. पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेला, खळीशिवाय. नंतर खळीचे सात थर. थर मोजताना हमखास चूक होते. त्यावर माझ्या धाकट्या भावाने उपाय काढला. एक थर साध्या वर्तमानपत्राचा आणि एक व्यापारी बातम्यांच्या गुलाबी वर्तमानपत्राचा. गुलाबी झाकले गेले की पुढचा थर. या वर्तमानपत्राचा आमच्या घरात झालेला हा पहिलाच उपयोग.

चार थरांनंतर एक दिवस वाळू द्यावे. आपल्या किनाऱ्यावर फाल्गुनातही हवेला ओल असते, म्हणून घाटावरच्या लोकांनी सांगितलेले वेळापत्रक इथे लागू पडत नाही. उन्हात एकदम ठेवले तर वरचा थर ताणला जाऊन चेहरा वाकडा होतो. सावलीत, वाऱ्याच्या तोंडावर ठेवावे आणि रात्री घरात घ्यावे. दव पडले की सगळी मेहनत पुन्हा मऊ होते.

भुवया, ओठ, शिंगे, खेकड्याची नांगी असे उठावाचे भाग लगद्याने करायचे. इथे आजीचे राज्य सुरू होते. जुन्या बायका कागद भिजत घालून, कांडून, त्यात मेथीचे पीठ मिसळून टोपल्या करीत, त्या पुष्कळांच्या घरी अजून असतील. लगदा तोच. तीन दिवस भिजलेला कागद उखळात कांडायचा, पिळायचा, त्यात मेथीचे पीठ, थोडी खडूची भुकटी आणि खळ घालून कणकेसारखा मळायचा. मेथीने चिकटपणा येतो आणि कडूपणामुळे किडा लागत नाही. वास मात्र येतो. त्या आठवड्यात माझ्या वह्यांनाही मेथीचा वास येत होता.

लगदा कांडताना आजी सहज म्हणाली की आजाच्या प्रत्येक मुखवट्याचा लगदा तिनेच कांडला आहे. मी विचारले, "मग तू कधी घातलास?" तिने मुसळ थांबवले नाही. बायकांनी सोंग घ्यायचे नसते, हे सांगण्याइतकेही त्या प्रश्नाला तिने महत्त्व दिले नाही.

हे इथे लिहावे की नाही याचा मी विचार केला. शिमग्याचे गोडवे गाणारे लेख पुष्कळ येतात. पण मुखवट्याआड माणूस ओळखू येत नाही, याचा सगळेच सारखा उपयोग करीत नाहीत. लहानपणी सोंगे दारात आली की आई मला माजघरात पाठवी आणि दाराला कडी लावून पोस्त खिडकीतून देई. पोरगे कोण ते कळत नसे, आणि ते काय बोलले हे दुसऱ्या दिवशी कोणाला विचारताही येत नसे. जे सोंग बघायला मला आत कोंडून घ्यावे लागले, ते कसे करतात हे मला उशिरा कळले, यात नवल नाही.

पुन्हा मुखवट्याकडे वळते. सगळे थर खडखडीत वाळले की कडा मातीपासून सुटू लागतात. पातळ सुरी फिरवून हलक्या हाताने उचलावा. आता डोळे, आणि इथे घाई नको. ज्याचा मुखवटा त्याच्याच तोंडाला लावावा, बुबुळांच्या अंतराची सुतळी धरून आतून पेन्सिलने खूण करावी. भोक आतून पडते, बाहेरून नाही. रंगवलेला डोळा मग त्या भोकाभोवती कितीही मोठा काढा. बाहेरून दिसणारा डोळा आणि ज्यातून पाहायचे ते भोक, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरे असे की भोक डोळ्यापासून जितके लांब तितके कमी दिसते. एक इंच रुंद भोक डोळ्यापासून इंचभर दूर असले तर समोरचा बऱ्यापैकी पट्टा दिसतो; तेच दोन इंच दूर गेले की तो पट्टा जवळजवळ निम्मा होतो. माझ्या पुठ्ठ्याच्या मुखवट्याला आत कसलाही आधार नव्हता. नाचताना तो पुढे झुलत होता, आणि प्रत्येक झोक्याला माझ्या मैत्रिणीचे जग लहान होत होते. म्हणून मुखवटा चेहऱ्याला धरून बसला पाहिजे, आणि भोकाची खालची कड थोडी जास्त कापली पाहिजे. माणूस समोर पाहून नाचतो, पण पडतो तो पायाखाली न दिसल्याने.

श्वासासाठी नाकाखाली दोन आणि ओठांच्या फटीत एक मोठे भोक हवे. याबद्दल फार सांगायला नको. २०२० मध्ये करोनाची साथ आली तेव्हा आम्ही शाळेत होतो आणि 'मास्क' हा शब्द आजीच्याही तोंडी बसला. आपलाच श्वास आपल्याच तोंडावर येणे म्हणजे काय, चष्म्याची काच कशी धुरकटते, हे त्या दोन वर्षांत सगळ्यांना कळले.

कागदाची कड गालाला कापते. तिला जुन्या सुती धोतराची चिंधी खळीने दुमडून लावावी, आणि आतून सगळीकडे त्याच कापडाचा एक थर द्यावा. घाम तो टिपून घेतो. कपाळाशी कापडाची लहानशी गादी ठेवावी, म्हणजे मुखवट्याचा भार नाकावर न पडता कपाळावर पडतो. बांधायला रबर नको, कापडाची नाडी हवी, आणि ती दोन नव्हे तर तीन ठिकाणी. दोन कानांच्या किंचित वर आणि तिसरी कपाळापासून डोक्यावरून मागे. नाक जड असते, नुसत्या दोन नाड्यांवर मुखवटा पुढे ओणवतो. माझा एक मुखवटा वाण्याच्या काट्यावर ठेवला तर १६० ग्रॅम भरला. आजाने तो हातावर तोलून "जर जड झाला" असे म्हटले. त्याची अपेक्षा काय होती कोण जाणे.

रंगाच्या आधी खडूची भुकटी डिंकाच्या पाण्यात कालवून दोन हात द्यावे आणि बारीक काचपेपरने घासावे. रंग दुकानात मिळतो तो साधा पाण्याचा. मात्र रंग निवडताना दुपारच्या उन्हात निवडू नये. होळीचा उजेड पिवळा-तांबडा असतो. त्यात निळा रंग काळा दिसतो, पिवळा आणि पांढरा एकसारखे होतात, आणि तांबडा उठून दिसतो. मी एक सुंदर निळा मासा रंगवला होता. रात्री तो कोळशासारखा दिसला. आजाच्या मुखवट्यांत फक्त पांढरा, काळा आणि गेरू एवढेच असे, ते गरिबीमुळे असे मी समजत होते.

आणि शेवटचे. मुखवटा कागदाचा आहे, दाढी काथ्याची आहे. पेटत्या होळीजवळ तो घालून जायचे नाही. आमच्याकडे होळी पेटवताना सगळे मुखवटे काढून पाटीत ठेवतात आणि ज्वाळा बसल्यावर, लांब अंगणात, पुन्हा चढवतात. तेलरंग किंवा व्हार्निश लावू नये तेही याचसाठी.

या वर्षी होळीला आम्ही घरीच मुखवट्यांची रात्र केली. गावभर फिरायचे नाही, आपल्याच अंगणात, आणि मुलींनीही सोंग घ्यायचे, एवढे दोनच नियम. विषय ठरला 'मासळीबाजार'. पंधरा दिवस आधीपासून ओटीवर मातीचे चेहरे वाळत होते. एक चिंबोरी, दोन बोंबील, पापलेट, बगळा, कावळा, दोन मांजरी, एक घासाघीस करणारे गिऱ्हाईक, एक कोळीण. सगळा खर्च मैदा, रंग आणि काचपेपर मिळून ३४० रुपये. बोंबलाचे तोंड मुळातच मोठे, त्यामुळे श्वासाचा प्रश्न त्या दोघांना आला नाही. चिंबोरीच्या नांग्या दारात अडकल्या आणि तिला आडवे वळून बाहेर यावे लागले. खेकडा म्हणून ते शोभूनही दिसले.

माझ्या मैत्रिणीला मी बोलावले होते. ती येईल असे मला वाटले नव्हते. तिची सुतळीची मापे मी महिनाभर आधी घेतली होती, "कशाला?" असे तिने विचारले नव्हते. तिच्यासाठी मी पापलेट ठेवला होता. ती म्हणाली, "राक्षस नाही का?" मी म्हटले, मासळीबाजारात राक्षस कुठला? त्यावर आजी आतून ओरडली, "दलाल कोन मंग?"

राक्षसाचा मुखवटा होता. तो मी केला होता, पण देण्याचे धैर्य नव्हते. आजाने तो घेतला, उलटा केला, आत बोट फिरवले, आणि काही न बोलता तिच्या हातात दिला.

होळी बसल्यावर सगळे ओटीवरून अंगणात उतरू लागले. आमच्या ओटीला पाच पायऱ्या आहेत, जांभ्या दगडाच्या, मधली झिजलेली. मी खाली उभी राहून मोजत होते. ती तिसरीवर थांबली, मान खाली घालून पाहिले आणि झिजलेल्या कडेला पाय न लावता उतरली. तिच्या मागून एक मांजर आले. मांजरी दोनच केल्या होत्या आणि दोन्ही आधीच अंगणात नाचत होत्या, हे माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. लगदा उरला होता तो कुठे गेला याचा हिशेब मी ठेवला नव्हता. तिसऱ्या मांजरीने नऊवारीचा ओचा सावरीत पाचही पायऱ्या उतरून माझ्यासमोर हात पसरला आणि आवाज बदलून म्हणाली, "पोस्त दे."